किराणा पाचव्या हिश्श्यावर आला, तरी महिनाअखेर खिसा रिकामाच का?

तुमचे आकडे आधी इथे मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घर सोलापूरचं, आजोबा गिरणीत. आजीच्या 1974 च्या वहीत महिन्याचा खर्च 340 रुपये, त्यातले 210 वाणी, दूध आणि भाजी यांचे. खाणारी तोंडं सात. आईच्या 1989 च्या वहीत 1,900, त्यातले 1,020 खाण्यापिण्याचे, माणसं पाच. आणि तुमच्या मोबाइलमधल्या हिशेबात 52,000. घराचा हप्ता 16,500, किराणा-दूध-भाजी 11,000, मुलांची शाळा आणि क्लास 9,000, पेट्रोल 4,000, वीज-गॅस-रिचार्ज 3,000, आयुर्विम्याचा हप्ता 2,500, इतर 6,000, त्यातले दोनेक हजार बाहेरच्या खाण्याचे. माणसं चार. तुम्ही विचारता की खाण्यावर जेमतेम पाचवा हिस्सा जातो, तरी महिनाअखेरीला हात रिकामा. मग आम्ही आजीपेक्षा उधळे झालो का?

उधळे झालेला नाहीत. पण तिन्ही वह्या शेजारी ठेवून रकमा ताडून पाहिल्या तर उत्तर चुकणारच, कारण तिन्हींत ‘खर्च’ म्हणून लिहिलेली गोष्ट एकच नाही. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं लोकांच्या ओट्यावर बसून घरखर्च लिहून घेण्यात गेली. राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे 1950 पासून चालत आलेलं ते काम. त्या सवयीनेच तुमच्या वह्या वाचतो.

पहिलं काम आजीचे 340 आजच्या पैशात आणण्याचं. यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरतात. तोच, ज्यावर महागाई भत्ता ठरतो. सोलापूर हे त्याचं जुनं केंद्र, त्यामुळे तुमच्या घराला तो चपखल बसतो. 1960 ला 100 धरलं तर 1974-75 मध्ये तो 300 च्या पुढे गेला होता. त्या दोन-तीन वर्षांत भाव असे चढले होते की आजीच्या वहीत दर महिन्याला साखरेचा आकडा वेगळा दिसला तर नवल नाही. पुढे पायाभूत वर्ष (ज्या वर्षाचे भाव 100 धरतात ते) तीनदा बदललं, 1982, 2001 आणि 2016. नवी मालिका जुनीला जोडण्याचे गुणक अनुक्रमे 4.93, 4.63 आणि 2.88. 2024 च्या अखेरीला नव्या मालिकेतला आकडा 143-144 होता. हे सगळं गुणून मागे नेलं की 1960 चे 100 म्हणजे 2024 चे साधारण 9,400 होतात. 1974 पासून भाव ढोबळमानाने तीसपट. म्हणजे आजीचे 340 आजचे सुमारे दहा हजार.

दहा हजारांत सात माणसं. माणशी साडेचौदाशे.

इथे जरा थांबा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी पुण्यात बसून 1971 मध्ये दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात 1960-61 च्या भावाने शहरात माणशी वर्षाला 270 रुपये, म्हणजे महिन्याला साडेबावीस, ही किमान रेषा धरली होती. ती तिप्पट केली तर 1974 ला साधारण 67 रुपये होतात. आजीचे माणशी 48-49. गावाकडून आलेलं धान्य धरलं (त्यावर पुढे येतो) तरी तुमचं घर त्या रेषेच्या आसपास किंवा खालीच होतं, आणि तेही गिरणीत पगारी नोकरी असताना. शहरातली निम्मी माणसं त्या रेषेखाली आहेत असा त्यांचा निष्कर्ष होता, तेव्हा तुमच्या घराला कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. पण ‘आजी किती काटकसरी होती’ हे वाक्य मात्र जपून वापरा. काटकसर करायला आधी निवड लागते.

आता ज्वारी. तुम्ही आजीच्या वहीतल्या एका महिन्याची यादी पाठवलीत. गहू 15 किलो, तांदूळ 8 किलो, बाजरी-ज्वारी नाही. सात माणसांच्या घरात, आणि त्यातही सोलापुरात, हे शक्य नाही. त्या काळी शहरी माणूससुद्धा महिन्याला दहा-अकरा किलो धान्य खायचा; म्हणजे तुमच्या घरात 70-75 किलो लागत असणार. वहीत 23. उरलेलं कुठून आलं? बहुधा गावाकडची पोती. सुगी झाली की भाऊबंदांच्या वाट्याची ज्वारी एसटीच्या टपावरून किंवा गाडीवरून यायची, कणगीत जायची, आणि वहीत तिची नोंद व्हायची ती फक्त हमालीची. वडिलधाऱ्यांना विचारून बघा.

आम्ही पाहणीत हे धान्य सोडत नसू. घरच्या शेतातलं असेल तर शेतावरच्या भावाने त्याची किंमत लावायची, भेट म्हणून आलेलं असेल तर गावातल्या किरकोळ भावाने. पायली, अधोली अशी मापं सांगितली जायची, त्यांचे किलो करायचे. आणि पायली तालुका बदलला की बदलायची, म्हणून काही ठिकाणी आम्ही माप भरून तराजूवर घालायला लावायचो. घरातल्या बाईला हे हास्यास्पद वाटायचं. ‘साहेब, आमच्या घरचीच ज्वारी, तिचा कसला खर्च?’ तिचं खरं होतं आणि आमचंही. तेव्हा घरात खपणाऱ्या गोष्टींपैकी किती पैशांतून आल्या आणि किती पैशांशिवाय, याची रेषा आजच्यापेक्षा फार निराळ्या जागी होती. तिन्ही वह्यांमधला सगळ्यात मोठा फरक हा, आणि तो एकाही वहीत लिहिलेला नाही.

ज्वारी हे त्याचं एक उदाहरण. दुसरं म्हणजे बायकांचं काम. धान्य निवडणं, दळण, मसाला कुटणं, चैत्र-वैशाखात कुरडया-पापड-सांडगे, घरी शिवलेले परकर आणि दुपटी, म्हाताऱ्यांची सेवा. आजीच्या वहीत यातलं एकच दिसतं, दळणाचे काही पैसे. तुमच्या हिशेबात तयार पीठ आहे, मसाल्याची पाकिटं आहेत, ‘इतर’मध्ये बहुधा कामाच्या मावशींचा पगार आहे. ती कामं आधीही होतीच, फक्त ती करणाऱ्या बाईला कोणी पैसे देत नव्हतं. आज तुमच्या घरातून दोघं कमावत असाल तर या खर्चाच्या समोर एक अख्खा पगार जमेला आहे, हे विसरून तो खर्च ‘चैन’ या सदरात टाकू नका.

आता खर्चातल्या वाट्यांकडे येऊ. सॅक्सनीच्या एर्न्स्ट एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडलं की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडे मुंबईच्या कामगार कचेरीने 1921-22 मध्ये गिरणी कामगारांच्या घरखर्चाची चौकशी केली तेव्हा निम्म्याहून अधिक खर्च अन्नावरच निघाला. त्या अहवालातली एक तुलना माझ्या मनातून जात नाही. कामगाराच्या पोटात जाणारं धान्य मुंबईच्या तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षाही कमी भरलं होतं.

देशपातळीवर शहरी घरांत अन्नाचा वाटा 1972-73 मध्ये साधारण 64 टक्के होता, 1987-88 मध्ये 56 च्या आसपास, 1999-2000 मध्ये 48, 2011-12 मध्ये 42.6 आणि 2022-23 मध्ये 39.2. खेड्यांत सुरुवात 73 च्या जवळ आणि 2022-23 ला 46.4. तुमच्या वह्या याला किती जवळ आहेत बघा. आजीचे 340 पैकी 210 म्हणजे 62 टक्के, आईचे 1,900 पैकी 1,020 म्हणजे 54. दोघीही आपापल्या काळाच्या सरासरीला बिलगून.

आणि तुम्ही? तुमचा पाचवा हिस्सा मात्र या मालिकेत बसत नाही. 21 टक्के म्हणजे तुम्ही फार श्रीमंत असायला हवेत, आणि तसं असतं तर हा प्रश्न तुम्ही विचारला नसता. गफलत छेदात आहे. आमच्या पाहणीत घराचा हप्ता उपभोग खर्चात येत नाही. घर घेणं ही गुंतवणूक. आयुर्विम्याचा हप्ताही नाही. (स्वतःच्या घरात राहणाऱ्याने स्वतःला दिलेलं काल्पनिक भाडंही आम्ही बेरजेत धरत नाही, तो वाद वेगळा.) तेव्हा 52,000 मधून 16,500 आणि 2,500 काढा. उरले 33,000. अन्नात किराणा-दूध-भाजीचे 11,000 आणि बाहेरच्या खाण्याचे 2,000 धरा, कारण वडापाव असो की झोमॅटो, ते अन्नच. 33,000 पैकी 13,000, म्हणजे 39 टक्के.

तुम्हीही सरासरीवरच आहात. माणशी खर्च आला सव्वाआठ हजार. 2022-23 च्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागाची सरासरी 6,657 रुपये होती, ग्रामीणची 4,010. मधल्या काळातली महागाई धरली तर तुम्ही सरासरीच्या थोडे वर, इतकंच. आजीच्या माणशी साडेचौदाशेशी तुलना केली तर साडेपाच पट. ही खरी वाढ, भावाची सूज काढून टाकल्यानंतरची.

ही साडेपाच पट गेली कुठे, हे बघण्यासारखं आहे.

धान्यात गेली नाही. धान्याचं जे झालं ते माझ्या उभ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं स्थित्यंतर. 1972-73 मध्ये खेड्यातल्या घराच्या दर शंभर रुपयांतले चाळीसेक रुपये नुसत्या धान्यावर जात. 1999-2000 ला बावीस, 2011-12 ला पावणेअकरा, 2022-23 ला पाच रुपयेसुद्धा नाहीत. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना रेशनवरची लाल मिलो आठवत असेल. परदेशातून आलेली ती ज्वारी, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, पण रांगा लागायच्या. त्या पिढीच्या हिशेबात ‘खर्च’ म्हणजे धान्यच. मग असं काय झालं? लोक धान्य कमी खायला लागले हे खरं. खेड्यात 1993-94 ला माणशी महिन्याला 13.4 किलो होतं ते 2011-12 ला 11.2 वर आलं. अंगमेहनत कमी झाली, ताटात दुसरं काही यायला लागलं. पण किलो जेवढे घटले त्याच्या कितीतरी पट रुपयांचा वाटा घटला, कारण एकीकडे रेशनचा तांदूळ-गहू स्वस्त होत शेवटी 2023 पासून पात्र कुटुंबांना फुकट झाला आणि दुसरीकडे बाकीचा खर्च फुगला. फुकटाच्या धान्याचा वाटा शून्य दिसतो, म्हणून 2022-23 च्या पाहणीत अशा वस्तूंची किंमत लावून दुसरी बेरीज वेगळी छापावी लागली.

यात सोलापूरची एक गंमत आहे. गरिबाची म्हणून गणली जाणारी ज्वारी आता गव्हापेक्षा महाग, आणि भाकरी हॉटेलात जाऊन मागवायची गोष्ट झाली. आजीला सांगून पटलं नसतं.

धान्यातून सुटलेला पैसा ताटातच दुसरीकडे गेला. दूध, अंडी-मटण-मासे, फळं. खेड्यात आज दुधावर 8 टक्क्यांहून जास्त खर्च होतो, धान्यावर पाचाहून कमी. आणि अन्नातला सगळ्यात मोठा गट कोणता? चहा-पेयं, फरसाण, बिस्किटं, तयार खाणं. 2022-23 मध्ये शहरात 10.6 टक्के, खेड्यातही 9.6. शाळेबाहेरच्या टपरीवर टांगलेल्या पाच रुपयांच्या पुड्यांची माळ आता कुठल्याही वाडीवर दिसते. हा गट लिहून घेणं फार कठीण. घरातल्या बाईला किती डाळ शिजली हे छटाकात ठाऊक असतं, पण नवऱ्याने नाक्यावर कितीदा चहा घेतला आणि मुलाने कॉलेजच्या कँटीनमध्ये काय खाल्लं, हे तिला कुठून कळणार? दारूचं तर विचारूच नका. अख्ख्या गल्लीत कोणीच पीत नाही आणि गल्लीच्या टोकाचं दुकान मात्र जोरात चालतं. पान-तंबाखू-दारूचे छापील वाटे वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

ताटाबाहेरचं बघायचं तर, कपड्यांचं मी एका वाक्यात उरकतो. दिवाळीला तागा फाडून सगळ्या भावंडांना एकाच छापाचे शर्ट शिवण्यापासून वर्षभर तुकड्या-तुकड्याने तयार कपडे घेण्यापर्यंत आपण आलो, पण एकूण खर्चातला वाटा काही वाढला नाही.

वाढला तो प्रवासाचा. आजोबा गिरणीत चालत नाहीतर सायकलवर जात असतील. आईच्या वहीत एसटी आणि रिक्षा. 2022-23 मध्ये देशात शहरात 8.6 आणि खेड्यात 7.6 टक्के वाहतुकीवर गेले, तेही गाडी विकत घेण्याचे पैसे वेगळे. बिगरअन्न खर्चातला हा पहिल्या क्रमांकाचा गट आहे, आणि सहसा कोणाला तसं वाटत नाही, कारण तो दोनशे-दोनशेच्या पेट्रोलने जातो.

शिक्षणाचं चित्र सरासरीत कळतच नाही. 2022-23 ची शहरी सरासरी 5.8 टक्के, ग्रामीण 3.3. त्यात ज्यांच्या घरात शिकणारं कोणी नाही तीही घरं आहेत. तुमच्या 33,000 पैकी 9,000 म्हणजे 27 टक्के, आणि दोन मुलं शिकणाऱ्या घरात हे आश्चर्याचं नाही. आजीची मुलं नगरपालिकेच्या शाळेत गेली असतील, पाटी-पुस्तकं थोरल्याची धाकट्याला. महाराष्ट्रात 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तिथून ‘शिक्षणासाठी पैसे साठवणं’ ही गोष्ट मध्यमवर्गाच्या हिशेबात शिरली. आता ती बालवाडीपर्यंत खाली उतरली आहे. आईच्या 1989 च्या वहीत भिशी आणि पोस्टातली आवर्ती ठेव असेल तर ती कशासाठी होती, विचारा. टीव्हीसाठी नसेल तर कॉलेजसाठी असेल.

औषधपाण्याचं एकच सांगतो. 2022-23 मध्ये खेड्याचा वाटा शहरापेक्षा जास्त होता, 7.1 विरुद्ध 5.9 टक्के. एकूण खर्च कमी, आणि दवाखाना तालुक्याला, त्यामुळे आजारपण तिथे अधिक टोचतं.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. महिनाअखेर हात रिकामा का, याचं उत्तर वाट्यांच्या तक्त्यात मिळत नाही. मी घरखर्चाचे दोन भाग करून बघतो. एक हातचा, म्हणजे रोज दुकानात उभं राहून ठरणारा. दुसरा बांधलेला, म्हणजे जो कधीतरी एकदा ठरवला आणि आता दर महिन्याला आपोआप जातो.

आजीच्या 340 मध्ये बांधलेलं काय होतं? खोलीचं भाडं, रेशन, शाळेची किरकोळ फी. बाकी सगळं हातचं. पगार उशिरा झाला किंवा गिरणीत टाळेबंदी आली की ती त्याच आठवड्यात खर्च खाली आणू शकायची. तूर कमी, आमटी पातळ, दूध अर्धा लिटर, तेल पळीने. वाण्याची वही दोन महिने थांबायची. त्यात हाल होते, कुपोषण होतं, त्याचं मला काही कौतुक नाही. पण खर्च लवचिक होता, कारण त्यातला बहुतेक भाग ताटातच होता आणि ताटातून कापता येत होता.

तुमच्या 52,000 मध्ये हप्ता 16,500, शाळा-क्लास 9,000, विमा 2,500, वीज-गॅस-रिचार्ज 3,000. बेरीज 31,000, म्हणजे साठ टक्के. पेट्रोलचाही मोठा भाग कामावर जाण्याचा, तोही जवळपास बांधलेलाच. खऱ्या अर्थाने हातचा उरतो तो 17,000, त्यात सगळं खाणंपिणं. म्हणून तुम्ही किराण्यात काटकसर करून काही सुटत नाही. किराणा-दूध-भाजीत दहा टक्के कापले तर अकराशे रुपये वाचतात, एकूण खर्चाच्या दोन टक्के. आजीने दहा टक्के कापले तर 21 रुपये वाचायचे, तिच्या खर्चाच्या सहा टक्के. तिची युक्ती तुमच्या घरात चालत नाही यात तुमचा दोष काही नाही.

हे तुमच्याच घरात झालेलं नाही. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात अन्नाचा भार, म्हणजे शंभरातला त्याचा वाटा, 1982 च्या पायाला 57 होता, 2001 ला 46, 2016 ला 39; घराचा भार 2001 ते 2016 दरम्यान सुमारे 15 वरून 17 वर गेला. अन्न आक्रसलं ते बऱ्याच अंशी बांधलेल्या गोष्टींनी जागा घेतल्यामुळे. आणि हप्ता तर या निर्देशांकातही नाही.

दोन सावधगिऱ्या. पहिली, ज्यांना असे दशकांचे तक्ते जोडून बघायची हौस आहे त्यांच्यासाठी. विचारायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. ‘गेल्या 30 दिवसांत काय खाल्लं’ असं विचारलं तर एक आकडा येतो, ‘गेल्या 7 दिवसांत’ म्हटलं तर मोठा येतो, कारण लोक विसरतात. 1999-2000 च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घराला विचारले गेले आणि उत्तरं एकमेकांत मिसळली, त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं वाद घातला. 2017-18 ची पाहणी झाली, पण सरकारने ती प्रसिद्धच केली नाही. 2022-23 ला एका बैठकीऐवजी तीन फेऱ्या, कागदाऐवजी टॅब, आणि वस्तूंची यादी 347 वरून 405 वर. तेव्हा 2011-12 ते 2022-23 या उडीतला काही भाग लोकांच्या खर्चाचा आणि काही आमच्या विचारण्याचा. शिवाय उतार सरळ नसतो. 2023-24 ला अन्नाचा वाटा शहरात 39.7 आणि खेड्यात 47 असा किंचित वरच गेला. मधल्या 11 वर्षांच्या पोकळीची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागली. 2012 पायाच्या सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकात (हा कामगारांच्या निर्देशांकाहून वेगळा) अन्नाचा भार 45.86 वर्षानुवर्षं तसाच राहिला, घरातलं ताट मात्र पुढे सरकलं होतं.

दुसरी सावधगिरी तुमच्यासाठी. तीन वह्यांत दशक बदललं तसं वयही बदललंय. 1974 ला आजी चाळिशीच्या पुढची, पदरी मोठी मुलं. 1989 ला आई तिशीत. तुम्ही चाळिशीत, मुलं माध्यमिक शाळेत. घरखर्चाचा आयुष्यातला सगळ्यात चढा काळ हाच. आणखी दहा-बारा वर्षांनी क्लास नसतील, हप्ता बहुधा फिटलेला असेल आणि औषधांची ओळ वर सरकलेली असेल. त्याला पुन्हा ‘काळ बदलला’ म्हणाल, तर जपून. त्यातलं बरंचसं तुमचं वय असेल.

करायचं काय, तर मोबाइलमधल्या हिशेबाची सदरं बदला. ‘किराणा’, ‘पेट्रोल’, ‘इतर’ अशी नकोत. बांधलेला, हातचा आणि वर्षातून एकदाचा अशी तीन पानं करा. तिसरं पान तुमच्या हिशेबात नाहीच, आणि महिनाअखेर तिथेच गळते असं मला वाटतं. घरपट्टी, गाडीचा विमा, शाळेची जूनमधली रक्कम, गणपती-दिवाळी, लग्नातले आहेर, गावची जत्रा. वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढा. आजीच्या वहीत मार्च-एप्रिलची पानं उघडून बघा, तिथे वर्षाच्या गव्हाची आणि मिरची-हळदीची एकगठ्ठा रक्कम सापडेल. ती कुठून आणली हेही बहुधा मागच्या पानांवर असेल, थोडे-थोडे करून मागे टाकलेले.

बांधलेल्या पानावरची प्रत्येक ओळ वर्षातून एकदा पुन्हा ठरवायची, दिवाळीनंतर बसून, दोघांनी. विमा कशासाठी, इतके क्लास कशासाठी, कोणतं रिचार्ज कोण वापरतं. एक क्लास कमी झाला तर तुमच्या किराण्यातल्या दोन महिन्यांच्या काटकसरीएवढे पैसे एका महिन्यात सुटतील. हप्त्यातली मुद्दल उधळपट्टीत धरू नका, ती तुमची बचत आहे. व्याज किती आणि मुद्दल किती ते बँकेच्या तक्त्यावरून वेगळं लिहा. आणि आईची 1989 ची अख्खी वही असेल तर बारा महिन्यांच्या बेरजा इथे टाका. एका महिन्यावरून मी तिच्याबद्दल जे म्हणालो ते त्यावरून तपासून घेता येईल.